काळ्या रानातली वाट, राख आणि चुना

पाणंद रस्त्याचं अंदाजपत्रक उघडलं की पहिली मोठी रक्कम दिसते ती मुरमाची. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर जाड थर टाकायचा तर ९०० घनमीटर, म्हणजे जवळपास ३२० ब्रास मुरूम लागतो. तो कुठल्या तरी टेकडीतून खोदून येतो. पहिल्या उन्हाळ्यात रस्ता देखणा दिसतो. मृग सरून आर्द्रा लागल्या की खालची काळी माती पाणी पिऊन फुगते, ट्रॅक्टरच्या चाकाखाली कडेनं वर उसळते आणि वरचा मुरूम तिच्यात उतरत जातो. दोन पावसाळ्यांत चाकोऱ्या पोटरीएवढ्या खोल होतात. गाव पुन्हा ठराव करतं, पुन्हा मुरूम येतो.

विदर्भाच्या पश्चिम भागात, मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या खोल काळ्या पट्ट्यात हे दरवर्षी चालतं. सोयाबीन सोंगून शेतातच गंजी लावून ठेवायची, कारण मळणीयंत्र रानापर्यंत पोचत नाही. खताची पोती डोक्यावरून न्यायची. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं. वस्तीवरच्या पोरींनी चप्पल हातात घेऊन शाळा गाठायची, आणि पाऊस वाढला की शाळाच सोडायची. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, त्याआधीही पाणंदींसाठी योजना होत्या. पैशाचा प्रश्न आहेच. पण वर काय घालायचं यावर जितकी चर्चा होते, तितकी खालच्या मातीचं काय करायचं यावर होत नाही, हे मला जास्त खुपतं. कारण त्या मातीवरचा उपाय माहीत आहे, आणि त्याचा निम्मा माल उसाच्या कारखान्याच्या मागे आणि भाताच्या गिरणीच्या आवारात ढिगानं पडून आहे.

ही माती मुळात बसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्या खडकाची झीज होऊन जी चिकणमाती तयार झाली तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर आहे. देशाचा सुमारे एक-पंचमांश भूभाग काळ्या मातीखाली येतो, आणि महाराष्ट्राचा वाटा त्यात मोठा आहे. माँटमोरिलोनाइटचा कण म्हणजे एकावर एक ठेवलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. तो भागवायला सोडियम, कॅल्शियम असे धनभारित आयन मधल्या फटीत बसतात आणि आपल्यासोबत पाणी ओढून घेतात. पाणी शिरलं की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, सुकलं की जवळ येतात. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटमधल्या सगळ्या पापुद्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. भांडी घडवायला वापरतात त्या केओलिनाइटचा हाच आकडा दहा-वीसच्या घरात असतो. एवढ्या पृष्ठभागावर पाणी चढतं-उतरतं, तेव्हा जमीन हलणारच.

शेतासाठी हे वरदान आहे. उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पाऊस आला की भेगा मिटतात, आणि जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करत राहते. हस्ताच्या पावसाची ओल धरून ठेवणारी हीच माती मंगळवेढ्याची ज्वारी पाण्याच्या एकाही पाळीशिवाय पिकवते. म्हणून या मातीला रोगट किंवा वाईट म्हणणाऱ्या अहवालांशी माझं जमत नाही. अडचण आहे ती तिच्यावर काही स्थिर उभं करायचं असतं तेव्हा.

जुन्या गावांना हे ठाऊक होतं. गावठाण पांढरीवर वसायचं आणि शेती काळीत व्हायची. काळी आणि पांढरी ही गावच्या कागदपत्रांतलीच विभागणी होती. घर काळीवर बांधायची वेळ आलीच तर पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा, हे गवंड्याला सांगावं लागत नसे. आता गावठाणं भरली. नवी वस्ती, शाळेच्या खोल्या, घरकुलं काळ्या रानात सरकली. सपाट भागातल्या घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्यात दोन-अडीच मीटर खोल पाया कसा घ्यायचा? मग भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग जाते, पावसाळ्यात दाराची चौकट आवळते, घरातली फरशी मधोमध उचलली जाते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं यावर खाली फुगा असलेल्या खांबाचा पाया विकसित केला. तो साडेतीन मीटरपर्यंत खाली नेतात, कारण त्याखालच्या मातीला ऋतूंची फारशी जाणीव होत नाही. उपाय उत्तम आहे, इमारतींसाठी तो वापरला जातो. रस्त्याखाली मात्र खांब रोवता येत नाहीत.

काळ्या मातीवरचं सगळ्यात मोलाचं भारतीय काम मुंबईच्या आयआयटीत झालं, असं मी मानतो. प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी पाहिलं की खोल काळ्या मातीत साधारण एक मीटरच्या खाली फुगण्याची ओढ दबलेली असते. वरच्या थराचं नुसतं वजन त्याला पुरेसं कारण ठरत नव्हतं. थरातली परस्परांना धरून ठेवण्याची ताकद, म्हणजे संसंजन, तिथं काम करत होती. मग वर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर दिला तर तीच ताकद बाहेरून उभी करता येईल, असा त्यांचा विचार. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर तो वापरला गेला आणि पुढं कालव्यांच्या कामात रूढ झाला. १९७८ मध्ये भारतीय भूतंत्र संस्थेचं पहिलं वार्षिक व्याख्यान कट्टींनी याच विषयावर दिलं. या पद्धतीला योग्य मुरमाड माती मात्र जवळ असावी लागते, आणि तीही मीटरभर जाडीची. जिथं मुरूमच पंचवीस-तीस किलोमीटरवरून येतो तिथं आपण फिरून टेकडीपाशी येतो.

इथं चुना कामी येतो. चुन्यानं माती घट्ट होते हे आपल्या गवंड्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. घाणीत चुना मळताना ते त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घालायचे. विटेतली क्रियाशील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी मिळून पाण्यातही न विरघळणारा बंध तयार करतात. वाड्यांच्या हौदांना आणि घाटांना त्यानंच टिकवलं. माती-चुन्याच्या रस्त्यात घडतं ते रसायन वेगळं नाही, फक्त विटेच्या जागी माती स्वतः असते. आधुनिक रस्त्यांत ही पद्धत अमेरिकेतल्या टेक्ससनं १९४० च्या दशकात हाताळायला घेतली. तिथल्या काळ्या गवताळ प्रदेशाची माती आपल्या मातीची जवळची नातलग. १९७४ मध्ये सुरू झालेल्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाच्या धावपट्ट्यांखालीही चुना मिसळलेली माती आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रायंट-केर्न कालव्याचे घसरणारे काठ १९७० च्या दशकात साधारण चार टक्के कळीचा चुना मिसळून पुन्हा उभे केले गेले. आपल्याकडं भारतीय रस्ते महासभेची माती-चुन्यासाठीची मार्गदर्शिका, आयआरसी ५१, आहे, आणि २०१० ची एसपी ८९ ही चुना, सिमेंट आणि राख वापरून माती मजबूत करण्यावर आहे. म्हणजे शासकीय अभियंत्याला हे काम करायला नियमांची आडकाठी नाही.

चुना मिसळल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्या वेगळ्या समजून घेतल्याशिवाय काम बिघडतं. पहिली लगेच, तासा-दोन तासांत सुरू होते. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांमधल्या सोडियमची जागा घेतं. कॅल्शियमचा भार दुप्पट असल्यानं पापुद्रे जवळ ओढले जातात, बारीक कण एकत्र येऊन गोळे बनवतात. पायाला लगडणारी माती दुसऱ्या दिवशी हातात मोकळी होते, पाणी कमी धरते. अनेक ठेकेदार एवढ्यावर समाधान मानतात, कारण रोलर चालायला लागतो. पण खरी ताकद दुसऱ्या गोष्टीतून येते. चुन्यामुळं मातीतल्या पाण्याचा पीएच १२.४ च्या आसपास जातो. एवढ्या क्षारतेत चिकणमातीतली सिलिका आणि ॲल्युमिना सुटायला लागतात आणि कॅल्शियमशी मिळून तेच जेल तयार करतात जे सिमेंटमध्ये असतं. हे आठवड्यांत, महिन्यांत होतं, आणि उष्णतेत जोमानं होतं. थंड देशांना हिवाळ्यात हे काम थांबवावं लागतं. आपल्या हवेत ती अडचण नाही.

किती चुना लागेल, हे माती ठरवते. ईड्स आणि ग्रिम यांनी १९६६ मध्ये सुचवलेली चाचणी इतकी साधी आहे की कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती होईल. चाळलेली वीस-वीस ग्रॅम माती पाच-सहा बाटल्यांत घ्यायची, त्यांत दोन, तीन, चार, पाच, सहा टक्के चुना आणि शंभर मिलीलीटर पाणी घालायचं, दर दहा मिनिटांनी हलवायचं, आणि तासाभरानं पीएच मोजायचा. ज्या सगळ्यात कमी प्रमाणाला तो १२.४ ला पोचला, तो चुन्याचा आरंभबिंदू. माती किती फुगते हे सांगणारी दुसरी चाचणी तर पीएचमापकाशिवाय होते. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मापपात्रांत घ्यायची, एकात पाणी, एकात केरोसिन. चोवीस तासांनी दोन्हींतली उंची वाचायची. केरोसिनमध्ये माती फुगत नाही. तिथं ती १० मिलीलीटरवर बसली आणि पाण्यात २० वर, तर फुगवटा १०० टक्के. आपल्या खोल काळ्या मातीत शंभराच्या वरचे आकडे नवलाचे नाहीत. बारावीच्या विज्ञानाच्या मुलांनी आपापल्या पाणंदीची माती अशी मोजावी, असं मला मनापासून वाटतं.

आता राख. एक टन ऊस गाळला की पावटन ते तीनशे किलो ओला भुसा, बगॅस, निघतो. तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो आणि टनामागं सहा-सात किलो राख उरते. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला जातो. तेव्हा राख लाखो टनांत जाते. काही वीटभट्ट्या नेतात, काही शेतात टाकतात, बाकीची खड्ड्यांत. वाऱ्याच्या दिवसांत ती परिसरातल्या धाब्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ज्वारीच्या पानांवर बसते. गोंदिया-भंडाऱ्याकडं भाताच्या गिरण्या आहेत. भाताचा पाचवा हिस्सा तूस, आणि तुसाच्या वजनाचा पाचवा हिस्सा राख. या राखेत सिलिका ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत असते, कारण भाताचं रोप जमिनीतून सिलिका उचलून दाण्याच्या सालीत साठवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतले प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकात तुसाच्या राखेवर पायाभूत काम केलं. त्यातून स्पष्ट झालं की तूस साधारण ७०० अंशांच्या खाली, ताबा ठेवून जाळलं तर सिलिका काचेसारखी अस्फटिक राहते आणि चुन्याशी झटकन जुळते. जास्त तापवलं तर ती स्फटिक होते, मग तिचा उपयोग बारीक वाळूपुरता.

म्हणून राखेच्या अहवालात सिलिका ७० टक्के असं वाचून कुणी हुरळून जाऊ नये. उसाबरोबर शेतातली माती-वाळू बॉयलरमध्ये जाते आणि तिचा क्वार्ट्झही त्याच टक्केवारीत मोजला जातो. शिवाय बगॅसच्या राखेत न जळलेला कोळसा बराच असतो. तो पाणी शोषतो, मिश्रण बिघडवतो. राख वाळवून, बारीक चाळून, तिच्यातला कोळसा तपासूनच घ्यावी. पऱ्हाटीची, तुराट्यांची राख इथं फारशी चालत नाही, हेही सांगायला हवं. लाकडासारखी तिच्यात कॅल्शियम-पोटॅशियम जास्त आणि सिलिका कमी. पऱ्हाटीचे दुसरे चांगले उपयोग आहेत.

मातीत सिलिका असतानाच मग राखेची गरज काय? चिकणमातीच्या स्फटिकातून सिलिका सुटायला वेळ लागतो, राखेतली क्रियाशील सिलिका चुन्याला तयार मिळते. बंध लवकर धरतो, आणि तेवढ्याच ताकदीला चुना कमी पुरतो. राख स्वतः फुगत नाही, त्यामुळं तिच्या वाट्याइतकी फुगणारी माती मिश्रणात कमी होते. एकटी राख मात्र बांधून ठेवत नाही. चुना टाळून नुसती राख पसरलेला रस्ता पहिल्या पावसात पांगतो. चुना कमी लागणं ही पैशाइतकीच हवेचीही बचत आहे. एक टन कळीचा चुना भाजताना दगडातूनच पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीच्या कोळशाचा वेगळाच.

भिजलेल्या काळ्या मातीची भारक्षमता, जिला अभियंते सीबीआर म्हणतात, बहुधा दोन-तीन टक्क्यांवर अडकलेली असते. योग्य प्रमाणात चुना-राख मिसळून, दाबून, मुरवलेल्या थरात हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. मग वर लागणारा मुरूम-खडीचा थर पातळ होतो. एका किलोमीटरचा हिशेब करू. तीस सेंटिमीटर जाडीच्या ९०० घनमीटर मातीचं कोरडं वजन सुमारे १२६० टन. चार टक्के चुना धरला तर ५० टन, दहा टक्के राख धरली तर १२६ टन. हंगामात दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या एका कारखान्याची राख सहा हजार टन. तेवढ्यात चाळीसहून जास्त किलोमीटर पाणंदी बसतात. एवढ्या किलोमीटरच्या मुरमात एक आख्खी टेकडी सपाट होते.

पसरवण्या-मिसळण्याचं काम जपून करावं लागतं, आणि इथंच बहुतेक प्रयोग फसतात. वरची दहा-पंधरा सेंटिमीटर माती काडीकचऱ्यासह आधी बाजूला काढावी, कारण सेंद्रिय पदार्थ चुन्याची क्रिया मंदावतात. ती माती शेजारच्या शेतात घालावी, तिथंच तिची जागा. चुना ताजा हवा. महिनोन् महिने उघड्यावर पडलेल्या पोत्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा खडू होतो. ढेकळं फुटेपर्यंत रोटाव्हेटरनं माती बारीक करावी, चुना मिसळून एक-दोन दिवस मुरू द्यावी, पुन्हा रोटाव्हेटर फिरवून राख मिसळावी, मग योग्य ओलीवर रोलर. नंतर निदान सात दिवस टँकरनं ओल राखावी आणि अवजड वाहन येऊ देऊ नये. मुठीएवढी ढेकळं आत राहिली तर चुना त्यांच्या कातडीवरच थांबतो, पोटातली माती पुढच्या पावसात फुगायची ती फुगतेच.

काम नीट केलं तरी चुना प्रत्येक मातीला चालतोच असं नाही. अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या स्टुअर्ट ॲव्हेन्यूवर चुन्यानं मजबूत केलेला रस्ता नंतर स्वतःच फुगून उचलला गेला. मातीत सल्फेट होतं. चुना, चिकणमातीचं ॲल्युमिना आणि सल्फेट मिळून एट्रिंगाइट नावाचं पाणी धरणारं स्फटिक वाढत गेलं. १९८० च्या दशकात ते प्रकरण भूतंत्राच्या अभ्यासात गाजलं. आपल्याकडं कालव्याखालच्या चोपण जमिनी, जिप्सम घातलेली रानं, खारवट पट्टे यांतून रस्ता जात असेल तर सल्फेटची तपासणी केल्याशिवाय चुना टाकू नये. ही तपासणी प्रत्येक ठिकाणी करावी, एका तालुक्याचं प्रमाण दुसऱ्या तालुक्याला लावू नये.

आणि जे हात हे काम करतात त्यांची काळजी अंदाजपत्रकात लिहिलेली हवी. कळीचा चुना घामावर पडला की कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. राखेची धूळ फुप्फुसात साचते, जास्त तापलेल्या तुसाच्या राखेची तर विशेषच. हातमोजे, चष्मा, नाकाला चांगला मुखवटा, डोळे धुवायला स्वच्छ पाणी, आणि वारा असेल त्या दिवशी चुना न उधळणं. राख किंचित ओलसर करून आणली तरी धूळ बरीच कमी होते, पाण्याच्या हिशेबात ते धरावं लागतं एवढंच.

वेळेचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर अभियंत्याआधी शेतकऱ्याकडं आहे. चैत्रात काळी माती दगड होते, रोटाव्हेटरची पाती वाकतात. भाद्रपदात ती चिखल असते. माती मोकळी सुटते ती वाफशावर, आणि काळ्या रानाचा वाफसा परतीच्या पावसानंतर, दिवाळीच्या आगेमागे येतो. तेव्हा मातीतली ओल रोलरला हवी असते तिच्या जवळपास असते, पाणी मारावं लागतं ते थोडं. त्याच सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, ताजी राख निघायला लागते, आणि पुढं सहा-सात महिने पाऊस नाही. बंध धरायला एवढा वेळ पुष्कळ. सरकारी कामांचे कार्यारंभ आदेश मात्र बहुधा मार्चच्या तोंडावर निघतात, आणि कंत्राटदार एप्रिल-मेमध्ये कामाला लागतो. हा एक बदल, आदेश नवरात्रापूर्वी आणि काम वाफशावर, बाकी कुठल्याही सुधारणेपेक्षा जास्त रस्ते वाचवील असं मला वाटतं. उसाच्या पट्ट्यात याच दिवसांत पाणंदीवरून ऊसतोडीच्या गाड्या धावत असतात, तिथं गावाला आधी कडेनं तात्पुरती वाट काढून द्यावी लागेल. त्यासाठी शेजारच्या बांधवाल्याशी आधी बोलणं झालेलं हवं.

थर कितीही चांगला मुरला तरी त्याच्यावर पाणी साचू देऊन चालत नाही. रस्ता मध्यभागी उंच, दोन्ही बाजूंना उतार, कडेला नाली, आणि नालीचं पाणी जाईल असा ओढा. आजही बऱ्याच पाणंदी दोन्ही शेतांपेक्षा खाली आहेत आणि पावसात ओढ्याचंच काम करतात. अशा ठिकाणी आधी भराव, मग बाकी सगळं.

यंदा ज्या ग्रामसभेपुढं पाणंदीचा ठराव येईल, तिथं मुरमाच्या ब्रासांबरोबर तीन गोष्टी मागता येतील : रस्त्यावर तीन ठिकाणी घेतलेल्या मातीचा फुगवटा आणि सल्फेट, चुन्याच्या प्रमाणाचा पीएच चाचणीचा तक्ता, आणि जवळच्या कारखान्याच्या किंवा गिरणीच्या राखेचा तपासणी अहवाल. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात हे सगळं होतं. नमुने खोदून न्यायला एक फावडं, गोणपाटाच्या तीन पिशव्या आणि सकाळचे दोन तास पुरतात.